राखेचे निमित्त

झरियाच्या कोळशात राख फार, म्हणून पोलादासाठी परदेशी कोळसा अटळ, हे अर्धसत्य आहे. राख निसर्गाने दिली. ती न काढण्याचे धोरण राज्यकर्त्यांचे! कोळसा फोडून, जड द्रवात तरंगवून, भुकटी फेसाबरोबर वर आणून बऱ्याच कोळशातील राख १८ टक्क्यांच्या आसपास आणता येते. कोकिंग कोळशाच्या खाणींचे १९७२ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले ते याच दुर्मिळ ठेव्यासाठी. तरीही धुलाई कारखाने जुनाट होऊ दिले गेले आणि कोकयोग्य कोळसा वर्षानुवर्षे वीजकेंद्रांत जाळला गेला. धुलाईत उतारा घटतो, खर्च वाढतो, हे खरे. पण १९१६ पासून धुमसणाऱ्या भूमीवर संसार मांडलेल्या श्रमिकांनी मोजलेली किंमत कोणत्या हिशेबात धरली? राष्ट्रीयीकरण म्हणजे केवळ फलक बदलणे नव्हे. सार्वजनिक क्षेत्रातच आधुनिक धुलाई कारखाने उभारा, ही मागणी कार्यकर्त्यांनी लावून धरली पाहिजे.