साक्षीदार दोन, पाहुणे नाहीत. मग कापड कोणाला विकायचे?

गेल्या लग्नसराईत आमचे एक जुने गिऱ्हाईक दुकानात आले. तीस वर्षांत त्यांच्या घरी चार लग्ने झाली आणि चारही लग्नांचे बस्ते आमच्याच गादीवर बांधले गेले. सवयीप्रमाणे आम्ही चहा सांगितला, वही उघडली. ते म्हणाले, "सेठ, वही मिटा. धाकट्याचा निकाह स्कॉटलंडच्या डोंगरात आहे. नवरा-नवरीचे दोन जोड द्या, बस्स."

आम्ही हसलो. दुकान बंद करताना मात्र हसू आले नाही. बस्ता गेला तर आमच्यासारख्याने काय विकायचे?

इंग्रजीत याला 'इलोपमेंट' म्हणतात. मूळ अर्थ पळून जाऊन लग्न करणे. इंग्लंडमध्ये 1754 पासून एकवीस वर्षांखालील मुलामुलींना आईबापांच्या संमतीशिवाय लग्न करता येईना. स्कॉटलंडचा कायदा सैल होता, दोन साक्षीदारांसमोर कबुली दिली की काम झाले. म्हणून जोडपी सरहद्द ओलांडून ग्रेटना ग्रीन या गावी पळत आणि तिथला लोहार ऐरणीपुढे लग्न लावून देई. 1940 मध्ये ही कबुलीची पद्धत कायद्याने बंद झाली. आता पळणे उरले नाही. घरच्यांना सांगून, पण वऱ्हाड न नेता, स्काय बेटावर किंवा ग्लेनकोच्या खोऱ्यात, कड्याखाली किंवा ओढ्याकाठी लग्न करण्याला हे नाव राहिले आहे.

हे सोपे असेल असे आम्हांला वाटले होते. गिऱ्हाइकाच्या मुलाने टेलिफोनवर सगळे समजावले, तेव्हा कळले की शंभर पानांच्या जेवणावळीइतकीच आखणी यातही आहे. परदेशातून केवळ लग्नासाठी येणाऱ्याला लग्नाचा वेगळा व्हिसा लागतो, साध्या पर्यटनाच्या व्हिसावर चालत नाही. दोघांनी 'एम-10' नावाचा फॉर्म भरून तिथल्या निबंधकाकडे लग्नाच्या तारखेआधी तीन महिन्यांच्या आत, पण किमान 29 दिवस अगोदर पोचवायचा. लग्न लावणारा कायद्याने अधिकार मिळालेला हवा आणि सोळा वर्षांवरील दोन साक्षीदार हजर हवेत. सह्या झालेला कागद तीन दिवसांत निबंधकाकडे परत गेला पाहिजे. हवेची तर खात्रीच नाही. उन्हाळ्यात दिवस मोठा, पण चावणाऱ्या बारीक चिलटांचे थवे. हिवाळ्यात चिलटे नाहीत, पण दुपारीच अंधारून येते. पाऊस बाराही महिने. म्हणून जाणते लोक जवळच आडोशाची दुसरी जागा ठरवून ठेवतात.

आता मुद्द्याचे बोलू. पाहुणे गेले म्हणून तिथला धंदा गेला का? गेला नाही, त्याचे रूप बदलले. फोटोवाला, फुलेवाला, बेटावरचा खानावळवाला, पोटऱ्या उघड्या ठेवणारा तो चुण्यांचा किल्ट भाड्याने देणारा, सगळ्यांना काम मिळते. एका चांगल्या किल्टला सुमारे आठ वार लोकरी कापड लागते. काही जोडपी लग्नाच्या वेळी एकमेकांचे हात कापडाच्या पट्टीने बांधून घेतात. पट्टी हातभर, पण ती कुठे विणली हे विचारूनच घेतात.

याच ठिकाणी आमच्या विणकर बांधवांनी लक्ष द्यावे. स्कायच्या पश्चिमेला समुद्रापलीकडे हॅरिस आणि लुईस या भागात हॅरिस ट्वीड विणले जाते. 1993 च्या कायद्याने हे नाव बांधून दिले आहे. लोकर त्या बेटांवरच रंगवलेली आणि कातलेली हवी. कापड तिथल्या रहिवाशाने स्वतःच्या घरी हातमागावर विणलेले हवे. माग पायाने चालतो, वीज लावली की नाव गेले. तपासणी होऊन शिक्का बसल्याशिवाय ते कापड त्या नावाने विकता येत नाही. गिरण्यांचे स्वस्त कापड जगभर मिळत असताना या कापडाला गिऱ्हाईक आहे, कारण त्याला जात, गाव आणि जामीन आहे.

आमच्याकडे हुनर कमी आहे का? औरंगाबादचा हिमरू, पैठणी हे काय कमी दर्जाचे आहे? पण यंत्रावरचा माल हातमागाचा म्हणून खपवणारे आमच्याच बाजारात बसले आहेत आणि आम्ही गप्प राहतो. दोनच जोड घेणारे गिऱ्हाईक हजार प्रश्न विचारते. त्याच्यापुढे लबाडी टिकणार नाही.

एक कबुलीही द्यायला हवी. मोठ्या बस्त्यांवर आम्ही कमावले, पण त्यातले कितीतरी उधारीवर गेले. लग्न एका दिवसाचे, हप्ते तीन-तीन वर्षांचे. बाप मान खाली घालून पैसे देऊन जाई आणि आम्ही मुकाट्याने वहीत जमा करत असू. निकाहाला साक्षीदार दोनच लागतात, हे आम्हांला तेव्हाही माहीत होते. आम्ही कुणा गिऱ्हाइकाला ते सांगितले नाही.

म्हणून सर्वांनी स्कॉटलंड गाठावे असे आम्ही म्हणत नाही. विमानभाडे, व्हिसा, फोटो यांचा हिशेब केला तर तेही गरिबाचे लग्न नव्हे. आईने मुलाचा निकाह मोबाइलवर पाहावा, हे आमच्या मनाला रुचत नाही. साधेपणासाठी सात समुद्र ओलांडण्याची गरज नाही, तो आपल्या मोहल्ल्यातही करता येतो.

त्या गिऱ्हाइकाला आम्ही दोन जोड दिले. सोबत हातमागावरचा हिमरूचा एक शेला दिला आणि तो विणणाऱ्या कारीगराचे नाव चिठ्ठीवर लिहून दिले. पैसे रोख मिळाले. महिन्याभराने त्या कारीगराला तसल्याच शेल्यांची मागणी परदेशातून आली. शेले तीनच होते, पण मागणी त्याच्या नावाने आली होती. व्यापारी बांधवांनो, आपल्या मालावर कारीगराचे नाव लिहायला आजपासून सुरुवात करा.