कापडातले दोष, कारभारातले दोष

‘मॅनेजमेंट’ हा शब्द आपल्या घरांत आता चांगलाच रुळला आहे. बारावीचा निकाल लागला की डॉक्टर, इंजिनीअरच्या जोडीला तोही मुलामुलींच्या तोंडी हमखास येतो. पण व्यवस्थापनाने नेमके होते काय, असे कोणी विचारले तर भल्याभल्यांची पंचाईत होते. कारखाना यंत्रांवर चालतो, भांडवलावर चालतो, कामगारांच्या घामावर चालतो, हे डोळ्यांना दिसते. तो कारभाराच्या पद्धतीवरही चालतो, हे सहसा दिसत नाही. या प्रश्नाचे मला पटलेले उत्तर कुठल्या परदेशी बड्या कंपनीच्या यशोगाथेत नाही. ते आपल्या उंबरठ्याशी, तारापूर आणि उंबरगावच्या कापड कारखान्यांत आहे.

२००८ साली तिथे एक प्रयोग सुरू झाला. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे निकोलस ब्लूम आणि जॉन रॉबर्ट्स, जागतिक बँकेचे डेव्हिड मॅकेन्झी, तसेच अप्रजित महाजन आणि बेन आयफर्ट हे त्यामागचे संशोधक. औषध खरेच गुणकारी आहे का हे पाहण्यासाठी डॉक्टर काही रोग्यांना ते देतात आणि काहींना देत नाहीत. चांगल्या कारभाराचा गुण तसाच तपासावा, अशी त्यांची कल्पना होती. सुती कापड विणणाऱ्या १७ कंपन्या तयार झाल्या. त्यांतल्या ११ कंपन्यांच्या १४ कारखान्यांत व्यवस्थापन सल्लागार पाच महिने राबले. पहिला महिना पाहणीचा, पुढचे चार सुधारणेचे. उरलेल्या ६ कारखान्यांत फक्त महिनाभराची पाहणी झाली. कोणाच्या वाट्याला काय यावे, हे सोडतीने ठरले होते.

या काही टपरीवजा कंपन्या नव्हत्या. सरासरी २७० माणसे कामाला, उलाढाल कोट्यवधींची. पण आत काय होते? सूत गुदामात ढिगाने पडलेले, कुठल्या बॅचचे, कुठल्या रंगाचे याची चिठ्ठी नाही. ओल लागून काही खराब झालेले. सुटे भाग एका ढिगात. माग बिघडला की दुरुस्ती, तोवर तेलपाण्याची आठवण नाही. कापडात दोष इतके की ते शोधून दुरुस्त करण्यासाठी जवळजवळ पाचवा हिस्सा माणसे अडकलेली. म्हणजे आधी चुकीचे विणायचे आणि मग पगार देऊन ते निस्तरायचे. संशोधकांनी कारभाराच्या साध्यासुध्या ३८ पद्धतींची यादी केली होती. त्यांपैकी जेमतेम पाव पद्धती तिथे पाळल्या जात होत्या.

सल्लागारांनी नवे यंत्र आणले नाही. त्यांनी वही आणली, असे म्हटले तरी चालेल. दोष कुठल्या मागावर, कुठल्या पाळीत, कुठल्या डिझाइनमध्ये आला, याची रोज नोंद. माग किती वेळ बंद राहिला आणि का, याची नोंद. सकाळी संबंधितांनी त्या नोंदींभोवती जमायचे आणि कारण शोधायचे. सुताला चिठ्ठ्या, सुट्या भागांना कप्पे, यंत्रांना ठरल्या दिवशी देखभाल. आपल्याकडची कुठलीही नेटकी गृहिणी स्वयंपाकघरात जे करते, त्याहून यात गूढ असे काही नाही.

परिणाम मात्र डोळे विस्फारावेत असा झाला. दोष सुमारे ४३ टक्क्यांनी घटले, गुदामातला पडून राहिलेला माल कमी झाला आणि पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. दर कारखान्यामागे वर्षाला सुमारे ३ लाख डॉलरचा जादा नफा, असा संशोधकांचा अंदाज आहे. तीन वर्षांत या कंपन्यांनी नवे कारखाने काढण्याकडेही पाऊल टाकले.

इथे एक रास्त शंका येईल. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात जे प्रयोग झाले, त्यांतून ‘कोणीतरी आपल्याकडे लक्ष देत आहे, एवढ्यानेच काम सुधारते’ असा निष्कर्ष काढला गेला, आणि त्यावर आजही वाद आहे. तारापुरातही तेच झाले नसेल कशावरून? म्हणून तर त्या ६ कारखान्यांचे महत्त्व. पाहणी त्यांचीही झाली, नजर त्यांच्यावरही होती. पण चार महिन्यांची सुधारणा ज्यांना मिळाली, त्यांची मजल या सहांपेक्षा कितीतरी पुढे गेली. १७ कंपन्यांचा हा अभ्यास लहान आहे, हे मान्य. तरी त्याचा रोख स्पष्ट आहे.

मग खरा प्रश्न असा की, इतक्या साध्या गोष्टी मालकांनी आधीच का केल्या नाहीत? पैसा कोणाला नको असतो? संशोधकांनी दिलेले पहिले उत्तर अज्ञानाचे आहे. काही पद्धती मालकांच्या कानावर आल्या नव्हत्या, आणि आल्या त्यांवर विश्वास नव्हता. धंदा नफ्यात आहे, शेजाऱ्याचेही कापड असेच निघते, मग आपले काय वाईट, असा हिशेब. दोषांची मोजदादच नसल्यामुळे ते किती पैसे खातात, हे कळण्याची सोयच नव्हती.

दुसरे उत्तर मला अधिक अस्वस्थ करते. या कंपन्यांत वरची सूत्रे सगळी घरच्यांच्या हाती. चोरी होईल, बाहेरचा माणूस फसवील, कोर्टात गेलो तर निकाल कधी लागेल कोणास ठाऊक, ही भीती. त्यामुळे कारभार भाऊ आणि मुलगे यांच्यापलीकडे जात नव्हता. कंपनी किती वाढेल, हे कारभाराच्या गुणवत्तेपेक्षा घरात पुरुष किती, यावर अधिक अवलंबून होते. वाईट चालणारी कंपनी मोठी, कारण भाऊ चार. चांगली चालणारी लहान, कारण मुलगा एकच. स्पर्धेत नालायक मागे पडतो, असे पुस्तकात लिहिलेले असते. इथे तो मागे पडत नव्हता. बाहेरच्या कापडावर जबर आयातकर असल्याने ती झळही फारशी लागत नव्हती.

आणि ‘घरातले पुरुष’ हा शब्दप्रयोग वाचताना मन थबकते. त्याच घरांत मुली असतील, सुना असतील. कॉलेजात शिकलेल्या, हिशेबात तरबेज. विश्वासू माणसे मिळत नाहीत म्हणून धंदा खुंटतो आणि विश्वासाची निम्मी माणसे मोजणीतच धरलेली नसतात! कापडातला कुठला दोष याहून महाग पडत असेल?

या प्रयोगाचा उत्तरार्ध फार कमी लोकांना ठाऊक आहे. २०१७ साली संशोधक पुन्हा त्याच कारखान्यांत गेले. ज्या पद्धती सुरू झाल्या होत्या, त्यांतल्या सुमारे निम्म्या बंद पडल्या होत्या. कारणे विचारली तेव्हा दोन वारंवार पुढे आली : ज्याने ती पद्धत सांभाळली तो मॅनेजर सोडून गेला, किंवा मालकाला वेळ राहिला नाही. माणूस गेला की वही बंद. यात निराश होण्याचे कारण नाही, कारण निम्म्या टिकल्याही होत्या, आणि सुधारणा झालेले कारखाने इतरांच्या पुढेच होते. एकाच मालकाच्या दुसऱ्या कारखान्यांत त्या पसरल्याही होत्या. शेजारच्या कंपनीत मात्र फारशा गेल्या नव्हत्या.

माझ्या मते यातून घ्यायचा धडा सल्लागारांच्या फीचा नाही. वही कोणाच्या हाती असावी, याचा तो आहे. १९५३ साली अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी एक वेगळा प्रयोग केला होता. तिथे विणकामाचे इतके तुकडे पडले होते की मागाची सबंध जबाबदारी कोणावरच नव्हती. मागांचा एक संच एका छोट्या गटाकडे सोपवावा, ही कल्पना कामगारांनी उचलून धरली आणि गट स्वतःच जुळवले. उत्पादन वाढले, खराब कापड घटले. तारापूरने नोंदीचे महत्त्व दाखवले, कॅलिकोने जबाबदारीचे. नोंद फक्त मालकाच्या टेबलावर जाणार असेल, तर कामगाराला तो पहारा वाटतो आणि मॅनेजर बदलला की सुटल्याचा आनंद होतो. तीच नोंद मागावरच्या माणसासमोर असेल, ती वाचून माग थांबवण्याचा अधिकार त्याला असेल आणि वाढलेल्या नफ्यातला वाटा त्याच्या पाकिटात दिसत असेल, तर वही त्याची होते. मग एक साहेब गेल्याने ती बंद पडत नाही.

मुंबईच्या गिरण्यांच्या ऱ्हासाची चर्चा आपण संप, जमिनींचे भाव आणि राजकारण यांच्या अंगाने पुष्कळ केली. कारभाराच्या अंगाने ती फार थोडी झाली. कारखाना बुडतो तेव्हा मालकाची पेढी बुडते, पण त्याबरोबर चाळीतल्या शेकडो चुली थंड होतात. म्हणून ‘मॅनेजमेंट’ ही केवळ साहेबलोकांची विद्या आहे असे समजून आपण तिच्याकडे पाठ फिरवू नये. मुलामुलींना त्या शिक्षणाला अवश्य पाठवावे. मात्र पाठवताना एवढे सांगावे : दोष कोणाचा हे शोधण्याआधी तो कुठे आणि का आला हे लिहून ठेव, लिहिलेले सर्वांना दाखव, आणि घरच्यांइतकाच विश्वास बाहेरच्यांवर टाकायला शीक. हे तिसरे सर्वांत कठीण आहे. आपले उद्योग आज अडले आहेत ते बहुधा तिथेच.