दोषाची नोंद

अमेरिकेतील टेक्सासच्या ‘इड सॉफ्टवेअर’ या कंपनीने डिसेंबर १९९३ मध्ये ‘डूम’ हा संगणकीय खेळ प्रसिद्ध केला. खेळ लढाईचा आहे आणि त्याची भलामण करण्याचा येथे हेतू नाही. विचारार्थ घ्यावे असे आहे ते पुढचे. १९९७ मध्ये कंपनीने त्याचा मूळ सोर्स कोड खुला केला. त्यावरून जगभरच्या हौशी मंडळींनी ‘बूम’, ‘झेडडूम’, ‘चॉकलेट डूम’ अशा आपापल्या आवृत्त्या सिद्ध केल्या. इतर असंख्य हौशींनी खेळासाठी नवे नकाशे रचले. आता एकाचा नकाशा दुसऱ्याच्या आवृत्तीत नीट चालला नाही, तर दोष कोणाचा?

हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. ‘डूम २’ मधील एक राक्षस उडत्या कवट्या सोडतो. परंतु वीसहून अधिक कवट्या आधीच असतील, तर मूळ खेळात नवी निघत नाही. ‘बूम’च्या कर्त्यांनी ही मर्यादा काढली, मात्र जुन्या नियमाने खेळण्याची सोयही ठेवली. कारण उघड आहे. जुनी मर्यादा गृहीत धरून कोणी नकाशा रचला असेल, तर आपली सुधारणा त्याची रचना बिघडवते.

अशा वेळी पुरावा म्हणून ‘डेमो’ उपयोगी पडतो. डेमोत चित्रे नसतात. सेकंदाला ३५ या गतीने खेळाडूच्या हालचालींची केवळ नोंद असते. आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर ही नुसती रोजकीर्द. शिल्लक प्रत्येक वेळी नव्याने काढायची. व्याज आकारणीचा एक नियम बदलला की पुढच्या साऱ्या शिलका चुकतात, तसेच आवृत्तीतील एक नियम बदलला की डेमोतला खेळाडू भिंतीवर धडका देत राहतो. नियम बदलल्याची ती खूणच होय.

म्हणून जाणती मंडळी तक्रार करताना आवृत्तीचे नाव व क्रमांक, नकाशा, सुसंगतीची निवडलेली पातळी, काय अपेक्षित होते आणि काय घडले, हे लिहितात व डेमो जोडतात. त्याआधी तोच नकाशा ‘चॉकलेट डूम’मध्ये चालवून पाहतात, कारण ती आवृत्ती मूळ खेळातील चुकाही जशाच्या तशा जपते. तेथेही तेच घडले, तर दोष मूळ खेळाचा किंवा नकाशाचा. तेथे घडले नाही, तर संशय नव्या आवृत्तीवर.

दुरुस्ती करणाराही विनावेतन, रात्री जागून काम करीत असतो. ‘तुमचे चालत नाही’ एवढ्या शब्दांनी त्याच्या हाती केवळ मनस्ताप पडतो. नेमक्या नोंदीने मात्र त्याचे कित्येक तास वाचतात आणि कोणा अनोळखी माणसाने वर्षांपूर्वी रचलेला नकाशा पुन्हा खेळता येतो.