जुन्या लष्करी लॉऱ्या व त्यांचे ब्रेक

गेल्या माघ महिन्यांत आमच्या शेजारच्या गांवच्या यात्रेंत एक जुनी लष्करी लॉरी मिरवणुकीस निघाली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारनें शिल्लक लष्करी सामान विक्रीस काढलें, तेव्हां त्या घरच्या आजोबांनीं ती घेतली. पुढें वीस वर्षें तिनें गूळ व ऊंस वाहिला आणि मग ती गोठ्यामागें निंबाखालीं उभी राहिली. नातवांनीं मोठ्या हौसेनें तिला पुन्हां चालती केली. रंग नवा, टायर नवे, आणि ‘ब्रेकला जोर कमी पडतो’ म्हणून एका कारागिराकडून मोठा बूस्टरही बसवून घेतलेला. मागें हौद्यांत शाळेचीं पंचवीस मुलें लेझीम घेऊन उभीं होतीं. नदीकडच्या उतारावर चालकानें ब्रेक दाबला, तो पाय थेट तळाला गेला. त्या गृहस्थानें प्रसंगावधान राखून लॉरी कडेच्या बांधावर चढविली, म्हणून ती थांबली. दोन मुलांचे हात मोडले. त्याहून अधिक कांहीं घडलें नाहीं, ही ईश्वराची कृपा. दुसरे दिवशीं चाकें उतरून पाहतां आढळलें कीं, मागील एका व्हील सिलिंडरांतील जुनें रबर फाटून सर्व तेल बाहेर गेलें होतें. नवा बूस्टर मात्र उत्तम काम करीत होता!

त्या दिवसापासून या विषयावर चार शब्द लिहावे असें मनांत होतें. आम्ही यंत्रशास्त्री नव्हे. महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालेले शेतकरी आहों. तरीपण घरच्या जुन्या गाड्यांची देखभाल आम्ही पुष्कळ वर्षें स्वतःच्या हातानें केली आहे, व अशा जुन्या गाड्या जतन करण्याची हौस हल्लीं शेतकरी घरांत वाढत आहे, म्हणून हें धाडस करितों.

वर सांगितलेली लॉरी जी. एम. सी. कंपनीची, सी. सी. के. डब्ल्यू. जातीची, अडीच टनी. १९४१ ते १९४५ या काळांत अमेरिकेंत अशा साडेपांच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. १९४४ सालीं फ्रान्समध्यें पुढें सरकणाऱ्या सैन्यास रसद पोंचविण्याचें काम मुख्यतः याच गाड्यांनीं केलें. आपल्या आसामांतील लेडोहून चीनकडे जाणाऱ्या डोंगरी रस्त्यावरही अमेरिकन लॉऱ्यांचे तांडे धांवले. पहिला तांडा १२ जानेवारी १९४५ रोजीं निघून ४ फेब्रुवारीस कुनमिंगला पोंचला. रिकामी असतांच ही गाडी चार-साडेचार टनांची. एवढें ओझें घाटांत केवळ माणसाच्या पायाच्या जोरावर आवरत नाहीं, म्हणून तिला ‘हायड्रोव्हॅक’ नांवाचा बूस्टर मुळांतच दिलेला आहे.

त्याची रचना समजून घेणें कठीण नाहीं. पायाचा दाब प्रथम मास्टर सिलिंडरांतील तेलावर पडतो. तें तेल हायड्रोव्हॅकमधील एक झडप हालवितें. एरव्हीं आंतल्या मोठ्या दट्ट्याच्या दोन्ही अंगांस इंजिनाच्या ओढीनें झालेला व्हॅक्यूम असतो. झडप हालतांच एका अंगास बाहेरची हवा शिरते, दट्ट्या दुसरीकडे रेटला जातो, आणि त्या रेट्यानें चाकांकडे जाणाऱ्या तेलाचा दाब वाढतो. सारांश, बूस्टर ब्रेक उत्पन्न करीत नाहीं. तो पायाचा जोर वाढवितो, इतकेंच. कुजलेल्या पाइपलाइनीवर मोठा पंप चढविला म्हणजे पाणी अधिक येत नाहीं, पाइप मात्र लवकर फुटतो, हें कोणाही बागाईतदारास सांगावयास नको. त्या लॉरीचें नेमकें तेंच झालें.

म्हणून आमचें पहिलें म्हणणें असें कीं, जोर वाढविण्यापूर्वीं जें आहे तें निर्दोष करावें. बूस्टर चालतो कीं नाहीं हें पाहण्यास एक सोपी कसोटी आहे. इंजिन बंद ठेवून ब्रेक पांच-सहा वेळां दाबावा, म्हणजे सांठलेला व्हॅक्यूम संपतो. मग पाय दाबून धरून इंजिन चालू करावें. पाय किंचित् खालीं गेला तर बूस्टर जिवंत आहे. न गेल्यास व्हॅक्यूमच्या नळ्या, इंजिनाजवळची एकेरी झडप व बूस्टरची हवा गाळणारी जाळी तपासावी. पुष्कळदां दोष एवढाच असतो कीं त्या जाळींत धूळ बसलेली असते. उलट, बाहेर कोठेंही गळती नसतां टाकींतील तेल कमी होत असेल व धुराड्यांतून पांढरा धूर येत असेल, तर बूस्टरचें आंतलें रबर झिजून तेल इंजिनांत ओढलें जात आहे असें समजावें. अशी गाडी एक फर्लांगही चालवूं नये.

यानंतर चाकांकडे वळावें. गंज लागून खड्डे पडलेल्या सिलिंडरांत नवें रबर घालणें म्हणजे पैसा पाण्यांत टाकणें होय. अशा सिलिंडरास पितळेचा किंवा न गंजणाऱ्या पोलादाचा अस्तर बसवून घ्यावा. रबरी होज पाइप वरून चांगला दिसला तरी आंतून फुगलेला असतो. अशा वेळीं तेल जोरानें चाकाकडे जातें, पण परत येत नाहीं, व ब्रेक धरून राहतो. जुने होज सरसकट बदलावे. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असतो, व त्याची धूळ फुप्फुसास घातक आहे. ड्रम उघडल्यावर ती हवेच्या झोतानें उडवूं नये, ओल्या फडक्यानें पुसावी.

तेलाविषयीं थोडें अधिक सांगणें अवश्य आहे. आरंभीच्या काळीं ब्रेकचें तेल म्हणजे एरंडेल व अल्कोहोल यांचें मिश्रण असे. आपल्या शेतांतील एरंडीनें असेंही काम केलें आहे! हल्लींचें डॉट ३ व डॉट ४ तेल ग्लायकॉल जातीचें असून तें हवेंतील पाणी शोषून घेतें. नव्या डॉट ३ तेलास उकळी फुटण्यास निदान २०५ अंश सेंटिग्रेड उष्णता लागते. पाणी शोषल्यावर ती मर्यादा १४० अंशांवर येते. घाटांत ड्रम तापून तेल उकळलें कीं नळींत वाफ होते, आणि वाफ दबते, म्हणून पाय तळाला जातो. वर्षांतून आठ दिवस चालणाऱ्या गाडीचें तेलही निदान दोन वर्षांनीं बदललें पाहिजे. डॉट ५ हें सिलिकोन जातीचें तेल पाणी शोषीत नाहीं व उभ्या गाडीस सोयीचें पडतें. परंतु तें जुन्या तेलांत मिसळूं नये, सर्व नळ्या व रबरें साफ केल्यावरच भरावें. डॉट ५.१ हें नांव सारखें वाटलें तरी तें तेल ग्लायकॉलचेंच आहे, हें ध्यानांत ठेवावें. इंजिनाचें तेल तर भुलूनही घालूं नये; त्यानें ब्रेकचीं रबरें फुगून निकामी होतात.

आतां सुधारणेचा प्रश्न. कित्येक हौशी लोक म्हणतात, जुन्या गाडीस हातच लावूं नये. दुसरे म्हणतात, सर्व नवें बसवावें. आमच्या मतें एक सुधारणा अशी आहे कीं तिला जुनेपणाच्या अभिमान्यांनींही नाहीं म्हणूं नये, ती म्हणजे तेलाची वाट दुहेरी करणें. मूळच्या रचनेंत सर्व सहा चाकांस एकाच मास्टर सिलिंडराचें तेल जातें, म्हणून एक होज फुटला कीं सर्व चाकें मोकळीं. अमेरिकेंत १९६८ पासूनच्या मोटारींस दोन स्वतंत्र वाटा आवश्यक ठरल्या, त्या याच कारणानें. त्या यात्रेंतील लॉरीस अशी वाट असती, तर मागील रबर फाटूनही पुढील चाकांनीं गाडी धरली असती. मात्र हें काम अंदाजानें होत नाहीं. मूळचा हायड्रोव्हॅक एकाच वाटेचा असल्यामुळें दुसऱ्या वाटेस दुसरा बूस्टर लागतो, आणि नव्या मास्टर सिलिंडराचा व्यास चाकांच्या सिलिंडरांस जुळवून घ्यावा लागतो. व्यास मोठा झाला तर दाब कमी पडतो. लहान झाला तर तेल पुरत नाहीं.

दुसरी गोष्ट इंजिनाची. पेट्रोलचा खर्च परवडत नाहीं म्हणून डिझेल इंजिन बसविण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. पण पेट्रोल इंजिन जसा व्हॅक्यूम देतें तसा डिझेल इंजिन देत नाहीं. त्याला वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. तो न बसवितां केवळ नळी जोडणें म्हणजे बूस्टर असून नसल्यासारखा. शिवाय इंजिनाचा असा बदल १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खालीं येतो व त्यास परवानगी लागते. २०२१ चे जुन्या गाड्यांचे नियम दुचाकी व चारचाकी खासगी गाड्यांसाठीं आहेत. लॉरीवाल्यानें त्यांवर भिस्त ठेवूं नये.

महसुली कामांत कोणताही फेरफार आधीं नोंदवहींत चढतो, चौकशी होते, व मगच मंजूर होतो. त्यानें काम लांबतें म्हणून लोक आम्हांस पुष्कळ बोल लावीत. पण नोंद नसल्यामुळें बुडालेलीं घरेंही आम्हीं पाहिलीं आहेत. जुन्या गाडीचीही अशी एक वही असावी. तेल केव्हां बदललें, कोणतें घातलें, रबर कोणत्या सालचें, कोणत्या कारागिरानें काय फेरफार केला, हें तींत तारीखवार लिहावें. त्या लॉरीची अशी वही असती, तर मागचें रबर आजोबांच्या वेळचें आहे हें नातवांस बूस्टर घेण्यापूर्वींच कळलें असतें.

संस्थेच्या वार्षिक प्रदर्शनांतही अशा गाड्या येतात. आमची व्यवस्थापक मंडळास विनंती आहे कीं, ही वही पाहिल्यावांचून व मोकळ्या मैदानांत ब्रेकची कसोटी घेतल्यावांचून कोणतीही जुनी गाडी आंत घेऊं नये, आणि हौद्यांत मुलें तर कोणत्याही सबबीवर बसवूं नयेत. मालवाहू गाडींत माणसें भरणें कायद्यासही मान्य नाहीं. यानें कोणाच्या हौसेचा विरस होईल असें आम्हांस वाटत नाहीं. ज्या गाडीनें आपल्या वाडवडिलांचा ऊंस वाहिला, तिचा मान रंगापेक्षां तिच्या ब्रेकांत अधिक आहे. त्या दोन मुलांचे हात आतां जुळून आले आहेत. त्यांतील एक आमच्याच आळींतला आहे, व तो पुढच्या माघांत पुन्हां लेझीम घेऊन निघणार आहे.