घरापुढचा उतार : आधी मंजुरी, मग सिमेंट

जुलै 2018 च्या पुरात वसई-विरारमध्ये घरांत, दुकानांत पाणी शिरले. तेव्हापासून जो तो जोते उंच करतो आणि गाडी चढावी म्हणून दारापुढे उभा उतार बांधतो. आम्हीही बांधला, विनापरवाना, थेट गटारावर. पुढच्याच पावसात गटार तुंबून पाणी शेजाऱ्याच्या घरात गेले. तो उतार आम्ही पदरच्या पैशाने फोडला.

कापडवाला मोजल्याशिवाय ठाण फाडत नाही. मग घरापुढे बेमाप सिमेंट का ओततो? 2 फूट उंच जोत्यावर चाकाची खुर्ची चढवायची, तर 1:12 या प्रमाणाने 24 फूट लांब उतार लागतो. तेवढी जागा आपल्या हद्दीत नसेल तर उतार वळवावा किंवा जोते कमी करावे. रस्ता आपल्या मालकीचा नाही.

मंजुरीला घाबरू नये, वशिलाही शोधू नये. 1966 च्या नगररचना कायद्याप्रमाणे महानगरपालिकेकडे अर्ज करावा. नकाशात जोत्याची उंची, उताराची लांबी व गटार दाखवावे. पोच जपून ठेवावी. 60 दिवसांत उत्तर न आल्यास परवानगी मिळाली असे कायदा मानतो, पण काम नियमात बसणारे असेल तरच. नकार आल्यास 40 दिवसांत शासनाकडे अपील करता येते.

वाटेतला अडथळा दूर करणे हा आपल्याकडे इमानाचा भाग मानला आहे. मग तो अडथळा आपल्याच दारात का असावा?