फुकट ते पौष्टिक? जरा बघून घ्या!

काय मंडळी, खरं सांगा, तुमच्या मोबाइलवर आत्ता किती गेम्स आहेत? सहा? आठ? आणि त्यातला मनापासून आवडलेला कोणता? आठवावं लागतंय ना? आपलं सगळ्यांचं हेच होतं. ट्रेनमध्ये विंडो सीट मिळते, हात आपोआप प्ले स्टोअरकडे जातो आणि ‘फ्री’ दिसलं की डाउनलोड. दोन दिवसांत कंटाळा, तिसऱ्या दिवशी डिलीट. पुन्हा नवा गेम!

आता थोडं गणित करू या. घर ते ऑफिस पाऊण तास, परत पाऊण तास. रोजचा दीड तास, महिन्याचे २२ दिवस, म्हणजे ३३ तास. दोन मिनिटांच्या प्रत्येक डावानंतर गेमने तीस सेकंदांची जाहिरात दाखवली, तर त्यातले साडेसहा तास गेले जाहिरातीत. बॉस नाही, घरचे नाहीत, असा जो काही वेळ दिवसात आपला स्वतःचा असतो, त्याचा पाचवा हिस्सा. हा फुकटचा सौदा बराच महाग नाही का?

हे असं नेहमी नव्हतं. बाबांच्या नोकियावरचा स्नेक आठवतोय? १९९७ मध्ये नोकिया ६११० वर तो पहिल्यांदा आला. फोनबरोबरच मिळायचा, आणि मग ना जाहिरात, ना ‘जीव विकत घ्या’. खरी गंमत सुरू झाली २००९ मध्ये. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात अॅपलने फुकट अॅप्सच्या आतही खरेदीची परवानगी दिली. झालं! दार फुकट उघडायचं आणि गल्ला आत ठेवायचा, हा फंडा सगळ्यांनी उचलला. कॅंडी क्रशमध्ये पाच जीव संपले की नव्या एका जीवासाठी अर्धा तास थांबा, नाहीतर पैसे मोजा. ही वाट बघायला लावणं हाच धंदा आहे, बॉस!

माझी एक मैत्रीण आहे, पुण्यात आयटीत. असाच एक कोडी जुळवायचा गेम खेळायची. अडकली की ८९ रुपये. ‘चहा-सँडविचचे पैसे तर आहेत,’ म्हणायची. एका रविवारी आम्ही तिचा हिशेब काढला, तर सहा महिन्यांत ४ हजार ७०० रुपये! मी विचारलं, “निदान गेम आवडतो ना?” तर म्हणाली, “छे गं, पण आता एवढे पैसे घातलेत ना...” मला पैशांपेक्षा या वाक्याचं जास्त वाईट वाटलं.

तर मग चांगला गेम ओळखायचा कसा? माझ्या तीन साध्या चाचण्या आहेत.

एक, डाउनलोडच्या आधी पान नीट वाचा. प्ले स्टोअरवर गेमच्या नावाखालीच ‘कंटेन्स अॅड्स’ आणि ‘इन-अॅप पर्चेसेस’ लिहिलेलं असतं. ‘अबाउट धिस गेम’मध्ये खाली गेलात तर आतल्या वस्तूंची किंमत किती ते किती, हेही दिसतं. हजारांतला आकडा दिसला की समजून जा.

दोन, बनवणाऱ्याचं नाव बघा. २०१४ च्या फेब्रुवारीत ‘थ्रीज’ नावाचा आकड्यांचा सुंदर गेम आला. त्यावर वर्षाहून जास्त मेहनत झाली होती. पुढच्याच महिन्यात इटलीतल्या गाब्रिएले चिरुल्ली या १९ वर्षांच्या मुलाने एका वीकेंडमध्ये ‘२०४८’ बनवला, फुकट दिला आणि कोडही खुला ठेवला. मग काय, स्टोअरवर नकलांचा पूर! एकाच नावाचे चार गेम दिसले तर मूळ कुणाचा, ते शोधायला एक मिनिट द्या.

तीन, डेटा बंद करून खेळून बघा. ऑफलाइन चालतो का? मग तो बोगद्यात आणि गावच्या एसटीतही साथ देईल. शिवाय नेट नसलं की बहुतेक जाहिरातीही गप्प बसतात.

आता मेन्यू. आयटीवाल्यांनो, सर्व्हरला कनेक्ट व्हायला ‘पुट्टी’ वापरता ना? तो लिहिणाऱ्या सायमन टॅथमने एक पझल्सचा संग्रहही केलाय. चाळीसच्या आसपास कोडी, पूर्ण फुकट, एकही जाहिरात नाही. दिसायला साधा, पण एकदा लागला की स्टेशन चुकेल! बुद्धिबळ आवडत असेल तर ‘लिचेस’. फ्रान्सच्या तिबो द्युप्लेसीने २०१० मध्ये सुरू केलेलं हे काम देणग्यांवर चालतं. इथेही जाहिराती नाहीत आणि पैसे भरणाऱ्यांसाठी वेगळी खास सोयही नाही. थोडं साहस हवं असेल तर ‘शॅटर्ड पिक्सेल डन्जन’. अँड्रॉइडवर फुकट, ऑफलाइन आणि दर वेळी नवा नकाशा. पहिले वीस डाव हरणार, हे आधीच सांगते!

ग्रुपसाठी ‘लुडो किंग’ आहेच. नवी मुंबईतल्या कंपनीचा हा गेम २०२० च्या लॉकडाउनमध्ये घराघरांत पोचला. जाहिराती आहेत, पण एकाच फोनवर चौघं ऑफलाइन खेळू शकतात. कोकणच्या ट्रिपला यापेक्षा काय हवं?

आणि थोडे पैसे मोजायची तयारी असेल तर ‘मिनी मेट्रो’. न्यूझीलंडच्या छोट्या टीमचा हा गेम २०१६ मध्ये मोबाइलवर आला. स्टेशनं जोडायची, गर्दी सांभाळायची. त्यात मुंबईचाही नकाशा आहे, म्हणजे रोज धक्के खाणारे आपण तिथे चक्क रेल्वेचे साहेब! एकदाच पैसे द्यायचे, पुढे कुणी हात पसरत नाही. असे गेम विशलिस्टमध्ये टाकून ठेवा आणि सेलची वाट बघा. प्ले स्टोअरवर घेतलेला नाही आवडला, तर ४८ तासांच्या आत रिफंड मागता येतो.

एक गोष्ट मात्र सीरियसली. ‘खेळा आणि जिंका’वाले पैसे लावायचे गेम या यादीत नाहीत आणि नसणार. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून अशा ऑनलाइन गेम्सवर बंदी आणली, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे. तरीही कुणी व्हॉट्सअॅपवर एपीकेची लिंक पाठवली, तर ती उघडू नका. तिथे पैसे बुडाले तर दाद मागायची कुणाकडे?

आणि आज रात्रीचा होमवर्क. प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर टॅप करा, ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’मध्ये जा आणि ‘बजेट अँड हिस्टरी’ उघडा. आतापर्यंत काय काय विकत घेतलंय ते समोर येईल. तिथेच महिन्याचं बजेटही ठरवता येतं. आयफोनवाल्यांनी ‘स्क्रीन टाइम’मध्ये जाऊन इन-अॅप खरेदी सरळ बंद करावी. माझ्या मैत्रिणीने महिन्याला १०० रुपयांचं बजेट लावलंय. ते गाठलं की फोन तिला आठवण करून देतो. हल्ली ती ‘मिनी मेट्रो’त दादरची गर्दी आवरत असते आणि आवडतो का विचारलं, तर मान वर न करता म्हणते, “थांब गं, गाडी सुटेल!”