मागच्या डाव्या पायाचा मालक

घोड्याचा मालक म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे कोण उभे राहते? गळ्यात दुर्बीण, ओठांत चिरूट आणि पदरी निदान एखादे संस्थान असलेला गृहस्थ! चूक वाचकांची नाही. १९४३ साली पहिली इंडियन डर्बी जिंकणारी 'प्रिन्सेस ब्युटिफुल' ही घोडी बडोद्याच्या महाराजांचीच होती. पण हल्ली एका घोड्यात अनेकांना भागीदारी करता येते, आणि तेवढ्याच फटीतून शिरून मीही मालक झालो आहे. आम्ही मित्र चार, घोडीला पाय चार. हिशेब सोपा! चिठ्ठ्या टाकल्या, तेव्हा मागचा डावा माझ्या वाट्याला आला.

घरी ही बातमी सांगायला मला तीन आठवडे लागले. ''पेन्शनीत निघालात आणि जुगाराला लागलात!'' सौ. म्हणाली. मी एक पैसाही लावत नाही, केवळ मालक आहे, हे तिला पटेना. शेवटी मी कायदा काढला. ''अगं, सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली निकाल दिलाय. घोड्यांची शर्यत हा नशिबाचा नव्हे, कौशल्याचा खेळ आहे.''

''असेल. पण कौशल्य घोडीचं. तुमचं काय त्यात?''

या प्रश्नाचे उत्तर मला आजतागायत सापडलेले नाही.

आमच्या घोडीला घरच्या नावाने 'चिमी' म्हणतात. चिमी नऊ शर्यती धावली आणि कधी सहावीच्या वर आली नाही. ओट, हरभरा, लसूणघास, नाल, डॉक्टर यांची बिले मात्र दर महिन्याला पहिल्या नंबराने येत. तेव्हा आम्ही चौघांनी ठरवले, की पुण्याच्या पावसाळी हंगामातली ही शेवटची शर्यत पाहायची. पहिल्या चारांत आली तर ठेवायची, नाहीतर विकायची. हरलेली घोडी विकली की कुठे जाते? नशीब चांगले असेल तर पैदाशीसाठी किंवा रपेट शिकवणाऱ्या एखाद्या शाळेत. नसेल तर कुठे, हे विकणारा सहसा विचारीत नाही. मीही विचारले नव्हते.

त्या रविवारी सकाळी सौ. आपण होऊन निघाली. ''पैसे जातात कुठे ते बघू दे तरी!'' तबेल्यात मोतद्दार चिमीला खरारा करीत होता. सौ.ने पर्समधून गुळाचा खडा काढला. (घोड्यांना गूळ आवडतो, हे तिला माहेरच्या टांग्यावरून ठाऊक.)

मोतद्दार घाईने आडवा आला. ''नको ताई, आज बाहेरचं काही द्यायचं नाही. तपासणी असते. शर्यतीनंतर द्या.'' मग जरा थांबून त्याने विचारले, ''ताई, हिला खरंच विकणार?''

सौ.ने माझ्याकडे पाहिले. विक्रीचे मी घरी बोललो नव्हतो. दोन वर्षे हा माणूस पहाटे चारला उठून तिचे सगळे करतो, रात्री तिच्या शेजारीच झोपतो. ती त्याच्या खांद्यावर मान टाकून उभी होती. कागदोपत्री एक चतुर्थांश मालक असलेल्या मला तिने ओळख दाखवली नाही.

पुण्याचे हे रेसकोर्स १८३० सालचे. एवढ्या वर्षांत तिथे माझ्याइतका निरुपयोगी मालक क्वचितच आला असेल. पॅडॉकमध्ये ट्रेनरने जॉकीला सूचना दिल्या. मी मान डोलावली. जॉकी खोगीरासकट वजन करून आला होता. या शर्यतीत चांगल्या घोड्यावर जास्त वजन आणि बेताच्या घोड्यावर कमी, असा न्याय असतो. चिमीवर सगळ्यांत कमी होते. तो मान होता की अपमान, हे मला ठरवता येईना.

शर्यत बाराशे मीटरची, म्हणजे जेमतेम सव्वा मिनिटाचा मामला. दारे उघडली आणि चिमी मागे राहिली. वळणावर ती नववी होती. मी दुर्बीण खाली घेतली. शेजारी सौ. काठोकाठ पुढे सरकून उभी होती. जन्मात कधी मोठ्याने न बोललेली ही बाई एकदम ओरडली, ''चल गं बाई, चल!''

मी वर पाहिले. आमचा हिरवा सदरा कठड्याच्या बाजूने सरकत होता. आठवी... सहावी... पाचवी! शेवटच्या शंभर मीटरांत दोन घोडे दमले आणि चिमी त्यांच्यामधून निघाली. फलकावर नंबर लागले: चौथी. पाचवीवर फक्त एका मानेची आघाडी!

चौथ्या नंबराच्या बक्षिसातला माझा वाटा नालांच्या बिलालाही पुरला नसता. चहा घेताना एक मित्र म्हणालाच, ''आता किंमत बरी येईल. विकायची हीच वेळ.'' दुसऱ्याने मान डोलावली. तिसरा म्हणाला, ''शब्द म्हणजे शब्द. ठेवायची.'' दोन विरुद्ध एक. तिघे माझ्याकडे पाहू लागले. व्यवहार पाहिला तर पहिल्या मित्राचे बरोबर होते. दिवाळी तोंडावर होती, घराला रंग द्यायचा होता.

मी सौ.कडे पाहिले. ती म्हणाली, ''मला काय विचारता? मागचा डावा तुमचा.''

''माझा पाय विकायचा नाही,'' मी म्हटले. तीन पायांची घोडी कोण घेणार? प्रश्न मिटला.

संध्याकाळी चिमीला फिरवून, पाणी पाजून झाल्यावर मोतद्दाराने परवानगी दिली आणि सौ.ने गूळ दिला. आता चिमी हिवाळी हंगामासाठी मुंबईला महालक्ष्मीला गेली आहे. यंदा आमच्या घराला रंग दिलेला नाही. फराळाला येणाऱ्यांनी भिंतींकडे पाहू नये. शंकरपाळ्यांचा एक डबा मात्र सौ.ने वेगळा काढून ठेवला आहे. तो मोतद्दाराला पोचवायला आम्ही भाऊबीजेला मुंबईला जाणार आहोत. त्यासोबत गुळाची ढेपही आहे.